बगळ्यांच्या पडद्यातली रेघ

आबा थापा मारतात, हे गल्लीत इतकं ठरून गेलं होतं की त्यावरून त्यांना चिडवण्यातही आता कुणाला मजा येत नसे. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांपुढे नुसतं धुकं, गुडघे कुरकुरणारे. पण नगरसभागृहाचं नाव निघालं की माणूस ताठ होऊन बसायचा. सभागृहात नगराध्यक्षांच्या खुर्चीमागे जो मोठा पडदा टांगलेला होता, निळ्या जमिनीवर उडणाऱ्या पांढऱ्या बगळ्यांचा, तो आपल्या पणजीनं आपल्या मागावर विणला, असं आबांचं म्हणणं. पडद्याखालच्या पाटीवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की हे राजधानीच्या दरबारी कारखान्यातलं काम आहे. पाटी पितळेची होती आणि आबा हाडामांसाचे. लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा हे उघडच होतं.

शाळेत असताना गुरुजींनी सगळा वर्ग सभागृह बघायला नेला होता. तेव्हा आबा सगळ्यांदेखत म्हणाले, हा पडदा आमच्या घरचा आहे. गुरुजींनी त्यांना ती पाटी मोठ्यानं तीनदा वाचायला लावली. त्या दिवसापासून ते थापाड्या झाले आणि केस पिकल्यावर बढती मिळून थापाडे आबा. समोरचा कुलूपवाला गिऱ्हाइकाला दुकानाचा पत्ता सांगतानासुद्धा ‘थापाडे आबांच्या समोर’ असंच सांगायचा. आबा दारातच बसलेले असायचे, त्यांना ते स्पष्ट ऐकू यायचं, आणि ते घसा खाकरून दुसऱ्याच विषयावर बोलायला लागायचे.

पण गल्ली काय, गल्लीचं तोंड कुणी धरलंय? आबांना खरं लागायचं ते वेगळंच. त्यांची थोरली मुलगीसुद्धा ही गोष्ट मानत नव्हती. तोंडावर ती कधी बोलली नाही. पण आबा पडद्याची गोष्ट सांगायला लागले की मागाची खटखट जरा जोरात व्हायची, आणि डोळे गेलेल्या माणसाला खटखटीतलं सगळं कळतं.

थोरली आता पन्नाशीला आली होती. सत्तर मागांच्या त्या गल्लीत उरलेला शेवटचा माग ती चालवत होती. भाऊ परगावी नोकरीला, धाकटी बहीण लग्न होऊन नदीपलीकडे. मागावर बसायला ही एकटी. हिला मोजण्याचं वेड. जिन्याच्या पायऱ्या, भाजीतल्या शेंगा, कुलूपवाल्याच्या शिंका, काहीही मोजायची. अशा बाईच्या नशिबी नेमका असा माग यावा, याला काय म्हणावं?

कारण त्या मागात एक खोट होती. त्यावर विणलेल्या प्रत्येक कापडात डाव्या काठापासून अकरा बोटं आत, केसाएवढी बारीक एक रेघ उभीच्या उभी जायची. एकोणीसशे वीस उभे धागे. एक वर, एक खाली, असं त्यांनी आळीपाळीनं उठायचं. पण चारशे बारावा आणि चारशे तेरावा हे दोन शेजारी एकदमच उठायचे आणि एकदमच बसायचे. गिऱ्हाइकाला ते कधी दिसलं नाही. थोरलीला मात्र दुसरं काही दिसतच नसे.

ही खोट काढून का टाकली नाही, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण विणकरांच्या रीतीत आहे. मागावरचे उभे धागे संपत आले की शेवटचे हातभर धागे उपसून काढायचे नाहीत, धागे वरखाली करणाऱ्या फाशांच्या दोन रांगांत आणि फणीत तसेच ओवलेले ठेवायचे. त्याला हे लोक शेपूट म्हणतात. मग नवे धागे आणायचे आणि शेपटाच्या एकेका धाग्याला एकेक नवा धागा गाठ मारून जोडायचा. सगळ्या गाठी मारून झाल्या की हलक्या हातानं पुढे ओढायचं. जुना धागा नव्याला बोटाला धरून आपल्या वाटेनं घेऊन जातो. दोन दिवसांत काम होतं. सगळं उपसून नव्यानं ओवायचं तर आठवडा जातो, आणि पलीकडून धागा हातात द्यायला दुसरं माणूस लागतं. म्हणून प्रत्येक पिढीनं म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. कधीकाळी कुणीतरी शेजारचे दोन धागे एकाच रांगेत ओवले आणि ती चूक गाठीगाठीनं पुढे चालत आली. लाकूड दोनदा बदललं. फणी तीनदा बदलली. फासे झिजतील तसे एकेक नवे घातले. ओवण्याचा क्रम तेवढा कुणी मोडला नाही.

थोरली तो मोडणार होती. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला होता, धाकटी सोमवारपासून आठवडाभर माहेरी राहायला येणार होती, दोघी मिळून सगळं उपसून स्वच्छ ओवणार होत्या. आबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की असू दे की गं, काय अडलंय. का असू दे, ते काही त्यांना सांगता येईना, आणि थोरलीला कारण नसलेली वाक्यं आवडत नसत.

अशातच गुरुवारी संग्रहालयातली बाई आली. तिशी-पस्तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. दहा मिनिटांत गल्लीनं तिचं नाव भिंगवाली ठेवून टाकलं. संग्रहालयात शहरातल्या विणकामाच्या इतिहासाचं नवं दालन होणार होतं, बगळ्यांचा पडदा सफाईसाठी खाली उतरवून तिथे आणला होता, आणि महिनाअखेर सगळ्या पाट्या नव्यानं लिहायच्या होत्या. या गल्लीबद्दल कागदोपत्री काहीच सापडत नाही, म्हणून ती स्वतः बघायला आली होती.

थोरलीनं तिला गल्ली दाखवली. जन्मापासून पाहिलेली गल्ली, पण दुसऱ्याला दाखवताना तिचं तिलाच नवल वाटायला लागलं. कुलूपवाल्यानं गिऱ्हाइकांचं स्टूल बाजूला सारून फळी उचलली, तर खाली मागाचा खड्डा, विणकराच्या पायांचा. त्यात आता त्याचे किल्ल्यांचे डबे होते. खड्ड्याच्या कडेचा दगड दोन जागी मांड्यांच्या आकारानं झिजून गुळगुळीत झाला होता. भिंगवाली त्यावर बसून बघते तो काय, तो दगड अगदी तिच्यासाठी घडवल्यासारखा बसला. शिंप्याच्या दुकानात, छापखान्यात, शिकवणीच्या वर्गात, प्रत्येक फरशीखाली एकेक खड्डा. सगळ्या घरांच्या मोठ्या खिडक्या एकाच दिशेला, कारण तिकडून दिवसभर एकसारखा उजेड येतो आणि रंगांना फसवत नाही. भिंगवालीनं एकाहत्तर खड्डे लिहून घेतले. थोरली म्हणाली सत्तर. पुन्हा मोजले, एकाहत्तरच भरले, आणि पुढचे दोन तास थोरली कुणाशी फारसं बोलली नाही. एवढे लोक इथे बसले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, जन्मभर, आणि त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

मग आबांनी आपली पडद्याची गोष्ट सांगितली. भिंगवालीनं मन लावून ऐकली, काही पुरावा आहे का, पत्र, पावती, जुना फोटो, असं विचारलं. आबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, नाही. तिनं वहीत लिहिलं.

“एकच शब्द लिहिलात?” आबांनी विचारलं. पेन्सिलीचा आवाज त्यांनी ऐकला होता.

“ऐकीव, असं लिहिलंय आबा. पुराव्याशिवाय मला त्याहून जास्त लिहिता येत नाही.”

आबांनी मान हलवली. त्या दुपारी ते जेवले नाहीत, आणि थोरलीला प्रथमच वाटलं की हा माणूस ही गोष्ट पुन्हा कधी सांगणार नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिनं त्यांचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं.

शनिवारी भिंगवालीनं तिला संग्रहालयात बोलावलं. बगळे नेमके कसे विणले असतील हे तिच्या तज्ज्ञांनाही उलगडेना, तेव्हा मागावर बसणाऱ्या बाईनं बघितलेलं बरं.

लांबच लांब टेबलावर पडदा पालथा पसरला होता. पाठीला शिवलेलं जाड अस्तर शंभरावर वर्षांनी पहिल्यांदाच काढलं होतं, ते कोपऱ्यात पडलं होतं. थोरलीनं सभागृहात पाहिलेला पडदा राखाडी, मळकट, दमलेला होता. इथे पाठीला उजेड कधी लागलाच नव्हता. निळा रंग दौतीतल्या शाईसारखा ओला वाटत होता. बगळे तर असे पांढरे की आत्ता पंख मिटतील. आणि एकाही बगळ्याच्या पाठीशी सुटलेला धागा नाही, गाठ नाही, लोंबणारं टोक नाही. पुढून जसा बगळा, तसाच मागून. थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. असं काम आपण जन्मात करू शकणार नाही, हे तिला लख्ख कळलं, आणि त्याचं वाईट न वाटता आनंदच झाला.

तिनं सवयीनं हिशोब मांडला. पडदा सात पट्टे शेजारी शेजारी शिवून केलेला. पट्टा तीन पुरुष उंचीचा, म्हणजे तीनशे साठ बोटं. असलं काम दिवसाला बोटभरच होणार. म्हणजे एक दिवसही न चुकता सात वर्षं. सात वर्षं एक बाई रोज एक बोट पुढे सरकत होती. इथे थोरलीनं मोजणं सोडून दिलं. तिला पुढे मोजवेना.

विणकराला कापड डोळ्यांनी बघून समाधान होत नाही. तिनं परवानगी घेऊन हातमोजे काढले, हात धुऊन पुसले, आणि पट्ट्याच्या डाव्या काठापासून नख अलगद आडवं सरकवलं. घरी हजारदा केलेलं. अकरा बोटांवर नख अडखळायची वाट बघत होती. नख सरळ निघून गेलं. रेघ नव्हती. म्हणजे झालं, दरबारी कारखानाच. बिचारे आबा. आपण आधीपासून बरोबर होतो, याचा तिला इतका राग आला की तिनं हात खाली सोडला.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कापड पालथं आहे. डावीकडचं उजवीकडे गेलंय.

ती दुसऱ्या काठाकडे गेली. डोळे मिटले. एक बोट, दोन, पाच, आठ, दहा. अकराव्या बोटावर नख टिकलं. तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा टिकलं. दुसरा पट्टा. तिसरा. सातही पट्ट्यांत, अकरा बोटांवर, तीच रेघ. रोज सकाळी पहिल्या फेऱ्याला जी तिला चिडवत असे तीच. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. सव्वाशे वर्षांपलीकडून कुणीतरी घरातल्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा, तसं झालं तिला.

“काय झालं ताई?” भिंगवाली पलीकडून धावत आली.

थोरली सांगायला वळली. सांगायचं काय? बाई, हे जगावेगळं काम आहे आणि हे आमचंच आहे, आणि ते आमचं आहे याचा पुरावा म्हणजे त्यातली ही खोट? दुसऱ्या घरच्या कापडातली खोटसुद्धा विणकर चारचौघांत दाखवत नाही. इथे तर आपलीच खापरपणजी होती. “काही नाही, जरा चक्कर आली,” असं म्हणून ती घरी आली.

आबा मागाजवळ बसले होते. तिनं त्यांच्यापुढे जमिनीवर बैठक मारली आणि सगळं सांगितलं. निळा कसा आहे, बगळे कसे आहेत, पाठ कशी आहे. आबा ऐकत होते, त्यांचे ओठ हलत होते. रेघ सापडली, हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं. आबांना नवल वाटलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“आजोबांनी सांगितलं होतं. त्यांच्या आईच्या हातचा पडदा. म्हणाले, सातही पट्ट्यांत आहे, कुणाला सांगू नकोस.”

“मग शाळेत सांगायचं ना. परवा त्या बाईंना सांगायचं. जन्मभर थापाड्या म्हणवून घेतलंत.”

“काय सांगू?” आबा म्हणाले. “गावानं ज्या कापडाला हात जोडले, त्यात बोट घालून सांगू, की बघा, ही आमच्या पणजीची चूक? मला थापाड्या म्हटलं तर माझं काय गेलं. तिला कुणी कच्ची म्हटलं असतं तर मला चाललं नसतं.”

थोरली रडली. बऱ्याच वर्षांनी रडली, आणि आबांनी तिला रडू दिलं. आपण या माणसावर विश्वास ठेवला नाही, हे तिनं त्यांना सरळ बोलून दाखवलं. आबा म्हणाले, माहीत आहे, खटखट ऐकू यायची. मग तिनं विचारलं की आता काय करायचं, सांगायचं की नाही. हा निर्णय तिचा नव्हता. “उद्या बघू,” आबा म्हणाले. रविवारी सकाळी उठल्याउठल्या म्हणाले, “बोलाव त्या बाईला. एकाहत्तर खड्डे मोजलेत ना तिनं? एकट्या माझ्या पणजीची अब्रू सांभाळता सांभाळता मी त्या सगळ्यांना जमिनीखाली ठेवलं.”

सोमवारी धाकटी पिशवी घेऊन आली, तिला दारातच सांगितलं की उपसायचं नाही, जोडायचं आहे. आठवड्याचं माहेरपण दोन दिवसांवर आलं म्हणून ती थोडी कुरकुरली. अकराच्या सुमाराला भिंगवाली आली, सोबत पडद्याचे मोठे करून काढलेले फोटो आणि त्यांवर टाचण्यांनी मांडलेली धाग्यांची मोजणी. थोरलीनं फोनवर सांगितल्यापासून ती झोपली नसावी. ती मागाशी वाकली, भिंग डोळ्याला लावलं आणि शेपटाचे धागे काडीनं एकेक बाजूला करत मोजायला लागली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. कुलूपवालासुद्धा दुकान उघडं टाकून दारात येऊन उभा राहिला होता आणि जन्मात पहिल्यांदा गप्प होता. तीनशेला ती थांबली, डोळे पुसले, पुन्हा सुरू झाली. चारशे दहा. चारशे अकरा. चारशे बारा आणि तेरा, एकाच रांगेत.

तिनं फोटोकडे बघितलं. मग मागाकडे. मग भिंग काढून तशीच खाली बसली.

“हा धागा,” ती हळूच म्हणाली, “तुटलाच नाही.”

“धागा नवा असतो,” थोरली म्हणाली. “वाट तीच.”

सावरल्यावर भिंगवालीला बोलू किती असं झालं. याहून पक्का पुरावा तिनं आजवर पाहिला नव्हता. कागद खोटा करता येतो, हे करता येत नाही. पाटी बदलणार, गल्लीचा नकाशा दालनाच्या दारातच लावणार, एकाहत्तर खड्ड्यांसकट. आणि त्या रेघेपाशी बारीक दिवा लावून खाली लिहिणार, की ही विणकरणीची सही आहे, तिनं मुद्दाम सोडलेली खूण. केवढी सुंदर कल्पना, ती म्हणाली. धाकटीनंही मान डोलावली.

आबांनी हात वर केला. सगळे थांबले.

“सही नाही ती बाई. चूक आहे.”

“आबा, पण लोकांना तसं सांगितलं तर—”

“पहिल्या दिवशी कुणी हाक मारली असेल, कुणाचं मूल रडलं असेल, दोन धागे चुकले. पुढे सात वर्षं ती रोज समोर दिसत होती. दिसत होती, खुपत होती, आणि तरी असे बगळे विणले. सही म्हणून लिहिलंत तर त्यात काय मोठं? सही कुणीही करतं. चूक म्हणूनच लिहा. आणि तिच्याखाली आमच्या घरचं नाव लिहा.”

भिंगवालीनं वही उघडली. गुरुवारी लिहिलेल्या त्या एका शब्दावर तिनं काट मारली आणि आबा सांगत होते ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. पेन्सिल बराच वेळ चालली होती, आणि आबा मान तिरकी करून तो आवाज ऐकत होते. पलीकडे धाकटीनं नव्या ताण्याचा पहिला धागा पुढे केला. थोरलीनं तो शेपटाच्या पहिल्या धाग्याला धरला, पीळ दिला आणि गाठ मारली.